गिरणगाव : शोभेची वस्तू नव्हे

लालबाग-परळच्या ‘खास गिरणगावी वातावरणा’चे गुणगान अलीकडे गगनचुंबी इमारती विकणारे दलालही करू लागले आहेत. उत्सव, ढोलताशे, पाडलेल्या गिरणीची राखून ठेवलेली चिमणी, एवढ्यावर म्हणे या वस्तीचे वैशिष्ट्य टिकते! (लोअर परळ हे नाव मात्र या मंडळींना खपत नाही, ते त्यास ‘अप्पर वरळी’ म्हणतात.)

ही भावविवशता वास्तवाला डोक्यावर उभे करते. गिरणगाव घडवले ते पाळीच्या भोंग्याने. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीचा वळकटी पसरी. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावची माणसे एकेका खोलीत भाडे वाटून राहत आणि खाणावळवाली बाई त्यांना महिन्याच्या उधारीवर जेवू घाली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप काय किंवा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप काय, कामगार तगला तो या उधारीवर आणि गावाकडच्या भाकरीवर.

अर्थात या वस्तीला सोवळे ठरवण्याचेही कारण नाही. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात मज्जाव होता. त्यावर डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही खाली पाहावे लागले. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांच्या जागेची पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. स्थानिक अस्मिता आपोआप वर्गजाणीव होत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

आता जमिनीचा हिशेब पाहावा. १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला व मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली; शेडखालची जागा मालकांच्या घशात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने कामगारांपुढे योजना ठेवली ती कल्याणपलीकडे, शेलू-वांगणीला घरे देण्याची!

चिमणी परळला आणि तिच्याखाली फुप्फुसात कापूस भरून घेतलेला माणूस वांगणीला, असा हा वारसा-जतनाचा कार्यक्रम आहे. मुंबईतच घर द्या म्हणून म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर बसतात, तेव्हा स्थानिक रंगाचे हे भक्त कोठे असतात?