व्हिसाच्या मुलाखतीआधी इन्स्टाग्राम पब्लिक करायचं की डिलीट?

गेल्या रविवारी माझी मावसबहीण आमच्या विठ्ठलवाडीच्या घरी आली. अमेरिकेत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, आय-२० आलंय, फी भरून झालीये. अडलंय एकाच ठिकाणी. "दादा, अकाउंट पब्लिक करू की डिलीट करून टाकू?" एका एजंटने तिला सांगितलंय की सगळं उडव आणि फॉर्ममध्ये 'नन' निवड. तुम्हालाही कुणी हेच सांगितलं असेल, तर जरा थांबा.

डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये २०१९ पासून मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची युजरनेम लिहावी लागतात. त्याच काळातले फोन नंबर आणि ईमेलसुद्धा. (यादी आली तेव्हा तोवर बंद पडलेलं व्हाइनही त्यात होतं!) पण अकाउंटला कुलूप असलं तरी चालत होतं. जून २०२५ मध्ये ते बदललं. एफ, एम आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांनी सगळी प्रोफाइल पब्लिक ठेवावीत, अशी सूचना निघाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबाचा एच-४ व्हिसाही यात आला. त्या वेळी भारतातल्या डिसेंबरच्या कितीतरी मुलाखती थेट मार्च आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीला घरी आलेले लोक इथेच अडकले, नोकरी तिकडे.

आता एजंटच्या सल्ल्याकडे या. पाच वर्षांत वापरलेलं अकाउंट आज डिलीट केलं, तरी ते 'वापरलेलं' राहतंच. 'नन' लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. युजरनेम वगळलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसालाही अपात्र ठरू शकता, हे अमेरिकी दूतावासाने जून २०२५ मध्येच सांगितलंय. एजंटचं काय जातंय? फॉर्मखाली सही तुमची.

खिडकीवरची मुलाखत दोन-चार मिनिटांची असते. अमेरिकी कायद्याचं कलम २१४(ब) असं की, अर्जदार तिकडेच राहायला चाललाय असं अधिकाऱ्याने आधी गृहीत धरायचं आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. त्यामुळे लोक उत्तरं पाठ करतात, हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन. सरावाला ठीक आहे. पण दहा जणांनी एकच घोकलेलं वाक्य म्हटलं तर समोरच्याला कळणार नाही का? मला त्याहून जास्त काळजी साध्या विसंगतीची वाटते. बहिणीच्या फॉर्ममध्ये नोकरी जुलैपासून, लिंक्डइनवर मेपासून. मुद्दाम नाही, इंटर्नशिपचे महिने एकात मिसळलेले. ते आम्ही आधी दुरुस्त केलं.

खरा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिचे फोटो उचलून खोटं अकाउंट काढलं होतं. तेव्हापासून तिचं इन्स्टा प्रायव्हेट आणि फेसबुक लॉक. हे प्रोफाइल लॉक फेसबुकने २०२० मध्ये भारतात आणलं तेच मुख्यतः बायकांच्या सुरक्षेसाठी. आणि आता शिकायला जायचं तर तेच कुलूप काढा! मला हे पटत नाही. अधिकाऱ्याला दाखवायचं म्हणून सगळ्या जगाला दाखवायचं, ही सोय त्यांची, जोखीम मुलीची. शिवाय पब्लिक किती दिवस ठेवायचं, याची मुदत सूचनेत दिलेली नाही.

पण मुलाखत तर द्यायचीये. म्हणून कुलूप काढण्याआधी आम्ही एक अख्खी संध्याकाळ बसलो. बायोमधला मोबाइल नंबर काढला, जन्मतारीख लपवली. घराच्या गेटचं लोकेशन टाकलेले फोटो आणि मैत्रिणींच्या लहान मुलांचे फोटो काढले. मैत्रिणींनाही कळवलं, कारण त्यांच्या कमेंट आता कुणालाही दिसणार. मतं, विनोद, जुन्या पोस्ट तशाच ठेवल्या. मुलाखतीच्या तोंडावर अकाउंट पुसून कोरं करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. मग इन्स्टाच्या सेटिंगमधलं 'अकाउंट प्रायव्हसी' बंद केलं. फेसबुकचं लॉक काढल्यावर जुन्या पोस्ट आपोआप पब्लिक होत नाहीत, ते वेगळं तपासावं लागतं. रात्री साडेअकरापर्यंत तिला अनोळखी लोकांचे सहा मेसेज आले होते.

तुमच्या घरी कुणाचा टुरिस्ट व्हिसा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट खूप कमी झालीये. पूर्वी चौदाच्या आतली मुलं आणि ऐंशीच्या आजी-आजोबांना जावं लागत नसे. आता वयावरची ती सूट गेली. मुंबईत मराठीतून बोलता येतं, हे आई-बाबांना आधीच सांगा, अर्धी धास्ती जाते.

बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, लॅपटॉप, स्मार्टवॉच काहीच नेता येत नाही. म्हणून आय-२०, पासपोर्ट, डीएस-१६०चं बारकोड असलेलं पान, अपॉइंटमेंटचं पत्र, सगळं कागदावर. फोनमधली पीडीएफ तिथे काही कामाची नाही. बुकिंगला दिलेला डीएस-१६०चा नंबर आणि हातातल्या पानावरचा नंबर एकच आहे ना, हेही बघा. त्या दिवशी मी तिच्यासोबत कुर्ल्यापर्यंत लोकलने आणि पुढे रिक्षाने जाणार आहे. ती आत असेल तोवर तिचा फोन माझ्याकडे बाहेर, स्विच ऑफ.