कादंबऱ्या कशाला घ्यायच्या?

परवा आमच्या गावच्या वाचनालयाची बैठक झाली. यंदा पन्नासेक पुस्तकं घेता येतील एवढे पैसे आहेत. मी यादीत वीस कादंबऱ्या टाकल्या होत्या. एक सदस्य म्हणाले, "सर, कादंबरी वाचून कुणाचं काय झालंय? पोरांना एमपीएससीची पुस्तकं लागत्यात, ती घ्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

'कादंबरीतून बोध मिळतो' हे उत्तर मी देणार नाही. शाळेत धड्याखाली 'या कथेतून काय बोध मिळतो?' असा प्रश्न असायचा आणि आम्ही गाइडातलं वाक्य उतरवून मोकळे व्हायचो. (मी स्वतः गेली बावीस वर्षं पोरांना तोच प्रश्न विचारतोय, ते सोडा.) बोधच द्यायचा असता तर लेखकाचं एका ओळीत भागलं असतं. एवढी पानं कशाला खरडायची?

हरि नारायण आपट्यांचंच बघा. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापायला घेतली. वय २६. त्याच दिवसांत संमतिवयाच्या बिलावरून रणकंदन चाललं होतं. मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं, एवढीच सुधारणा. १८९१ मध्ये कायदा झालाही. पण सरकारनं आमच्या घरात हात घालावा का, यावर सभा, अर्ज, अग्रलेख यांचा नुसता धुरळा. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या. ज्या मुलींबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांचा आवाज मात्र त्यात क्वचितच ऐकू यायचा.

आपट्यांनी यमूला बोलायला लावलं. ती स्वतःच आपली हकिगत सांगते. माहेर, कोवळ्या वयातलं लग्न, सासरची धुसफूस, मग मुंबईत नवऱ्याबरोबरचा थोडक्या दिवसांचा सुखाचा संसार. वाचक अंकामागून अंक वाचत राहिला आणि यमू त्याच्या घरातलीच होऊन बसली. मग तिचा नवरा जातो आणि तिचे केस उतरवले जातात. सभेत केशवपन हा वादाचा मुद्दा होता, बाजू घेऊन घरी जाता यायचं. इथं न्हाव्यासमोर आपली यमू बसलेली असते. कादंबरीचं नावच प्रश्न आहे, आणि तो वाचकालाच विचारलाय.

आता आमच्या गावात येतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रक निघालं, की इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा. आमच्याकडेही ठराव झाला. अनुमोदक मी. फोटो इथंच टाकला होता, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अभिनंदन केलं होतं.

दीड वर्षानं माझे चुलते वारले. बायकांनी काकीला आतल्या खोलीत नेलं. बांगड्या फुटल्याचा आवाज मी ओट्यावर बसून ऐकला. आत माझी आईसुद्धा होती. मी उठलो नाही. दुःखाच्या घरात तमाशा कशाला, असं स्वतःला सांगितलं.

ते सदस्य आता म्हणतील, बघा, कादंबरी वाचूनही सर बसूनच राहिले. बरोबर आहे. एम.ए.ला मी त्याच कादंबरीवर टिपणं काढली होती, मार्कही बरे पडले होते. पण खरं सांगतो, ओट्यावर मला ठराव आठवला नाही, परिपत्रक आठवलं नाही. यमू आठवली. 'बायकांचं बायका बघतील' म्हणून रात्री झोपायला गेलो, तर झोप लागेना. दहाव्याच्या आत आईशी बोललो. ती आधी चिडली, मग म्हणाली, "माझ्याच हातानं झालं रे ते." आम्ही दोघं बांगड्या घेऊन काकीकडे गेलो. तिनं त्या ठेवून घेतल्या. घातल्या नाहीत. अजून घातलेल्या नाहीत.

मला वाटतं, गोष्ट लिहिणाऱ्याला वाचकाकडून शेवटी हेच हवं असतं. वाचक सुधारेल की नाही, हे त्याच्या हातात नसतं. 'मला काय माहीत, तिच्यावर काय गुजरत असेल' म्हणायची सोय मात्र तो काढून घेतो. सिरियल बघूनही रडू येतं, पण तिथं एक दुष्ट सासू दाखवलेली असते, तिला शिव्या घातल्या की आपण सुटतो. चांगली कादंबरी आपल्याला ओट्यावर बसवते.

एमपीएससीची पुस्तकं घ्यायचीच आहेत, माझा पुतण्याही तीच वाचतोय. उद्या तो तहसीलदार झाला तर एखादी बाई निराधार योजनेचा अर्ज घेऊन त्याच्या दारात उभी राहील. त्याआधी त्याला निदान एक तरी यमू भेटलेली असावी, एवढंच मी पुढच्या बैठकीत म्हणणार आहे.

वीसच्या बारा कादंबऱ्या करायला तयार आहे, त्याखाली नाही. यादी सोमवारी द्यायची आहे. कुणाला नावं सुचवायची असतील तर रविवारपर्यंत कळवा. आणि शक्य असेल त्यांनी बैठकीलाच या, मी एकटा पडतोय.