ठरावातला शब्द आणि लोंढ्याचा कोळसा

ठराव करून काय होतं, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला विचारू नये. 1956 पासून आम्ही ठरावांवरच जगत आलो. सीमेच्या वादावरच्या महाजन अहवालावर इथे चुलीपर्यंत भांडणं पोचली. 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातली 865 गावं महाराष्ट्रात आणण्याचा ठराव पुन्हा एकमताने केला, तेव्हा बेळगावजवळच्या बेळगुंदीतल्या आमच्या एका काकांनी रताळ्याचा वेल बाजूला सारत एवढंच विचारलं, "ह्यो कितवा?"

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमची हवामान परिषद संपली. ती बातमी मी काकांना वाचून दाखवली. रताळी काढायचे दिवस होते. मातीचे हात झाडत काका म्हणाले, "तीस वर्षं बोलत बसल्यात, आनि कोळसा जळतोयच की. त्यांनी तिकडं ठराव करायचे, आमी हितं रताळी काढायची. संबंध काय, सांग की!"

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही, उलट तो अजून पक्का करून मांडता येतो. हवामानाचा मूळ करार 1992 सालचा. कोळशाची वीज कमी करा, हे परिषदेच्या ठरावात यायला 2021 चं ग्लासगो उजाडावं लागलं, म्हणजे एकोणतीस वर्षं. कोळसा, तेल आणि वायू या तिन्हींपासून दूर जायची हाक 2023 मध्ये दुबईत दिली गेली, तीही तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरात. मग बेलेम. दूर जायचा आराखडा ठरवा, असं ऐंशीहून अधिक देश म्हणत होते. तेलवाले देश आडवे आले, आपल्या देशानेही त्या मागणीला हात दिला नाही, आणि अंतिम ठरावात जीवाश्म इंधनांचा उल्लेखच उरला नाही. इकडे भारतातलं कोळशाचं उत्पादन 2024-25 मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. काकांनी आणखी काय बोलायचं?

तरीही काकांचं चुकतंय. रिकाम्या घराला कुणी कुलूप लावत नाही. ठरावातला शब्द पोकळ असता, तर तो खोडायला तेलवाल्या देशांचे प्रतिनिधी रात्र रात्र कशाला जागले असते? ग्लासगोत शेवटच्या घटकेला 'टप्प्याटप्प्याने बंद' खोडून 'टप्प्याटप्प्याने कमी' असं झालं. ती दुरुस्ती सभागृहात वाचून दाखवली भारताच्याच मंत्र्यांनी, आणि अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे काहींनी त्या अश्रूंची टिंगल केली, काहींनी दुरुस्तीची. मला दोन्हीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका क्रियापदासाठी जगातले बडे देश अडून बसले. हद्दीच्या कागदात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको.

हिशेबही बघू. 2015 च्या पॅरिस कराराच्या वेळी हे शतक संपताना तापमानवाढ तीन ते साडेतीन अंशांवर जाईल, असा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2025 चा अहवाल सांगतो की देशांनी दिलेली वचनं पूर्ण पाळली तर ती 2.3 ते 2.5 अंशांवर थांबेल; आत्ताची धोरणं तशीच चालली तर 2.8. करारात बोललं जातं दीड अंशाचं, तेव्हा हे पास होण्याइतके गुण नव्हेत. पण तीन-साडेतीनवरून इथवर येणं बडबडीने होत नाही. अर्थात सगळं श्रेय परिषदांना देणंही खोटं ठरेल. राजस्थानात भडल्याला 2017 मध्ये सौर विजेची बोली युनिटला 2 रुपये 44 पैशांवर उतरली, त्यामागे चीनचे कारखाने आणि जर्मनीची अनुदानं जास्त होती, भाषणं कमी.

आणि शब्द कुठून कुठे जातो ते पाहा. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये एक कल्पना काढली, वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलली, आणि जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर बंधन आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च 2024 मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये वाचला, आणि तो वाचताना देशाने बाहेर दिलेल्या वचनांचा आधार घेतला. गंमत अशी, की तो खटला माळढोक पक्षी वाचवण्यासाठी होता आणि सौर प्रकल्पांच्या वीजतारा सरसकट जमिनीखाली घालायचा आधीचा आदेश त्यात मागे घेतला गेला. शब्द धारदार असला की तो दोन्हीकडून कापतो.

दुसरा पूर्वपक्ष शहाण्यांचा. आपण जाळलंच किती? माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन वायू. अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. मग आधी त्यांनी थांबावं, आम्हाला पैसे द्यावेत. याचं खंडन मी करणार नाही, कारण ते खरं आहे. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत गरीब देश वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलर मागत होते. श्रीमंतांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांवर आणू म्हणून हातोडा आपटला. भारताच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे हरकत घेतली, ती योग्यच होती.

पण परक्या दारात मागितलेला न्याय आपल्या दारात द्यायचा की नाही?

बेळगुंदीच्या दक्षिणेला, खानापूर तालुक्यात लोंढा जंक्शन आहे. मुरगाव बंदरात परदेशी जहाजांतून उतरलेला कोळसा दूधसागरच्या बाजूने घाट चढतो, कॅसलरॉक, तिनईघाट, लोंढा करत हुबळीकडून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यात जातो. धूळ खाणारी गावं वेगळी, पोलाद वापरणारी शहरं वेगळी. हा लोहमार्ग दुहेरी करायला निघाले तेव्हा नोव्हेंबर 2020 मध्ये गोव्यातल्या चांदर गावी माणसं रात्रभर रुळांवर बसली. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्यात हवामान कराराचा वाटा नव्हता. जंगलाचा कायदा आणि गोव्याची माणसं यांचंच ते काम.

इथे मला आमच्या उत्साही मित्रांनाही अडवायचं आहे. 'कोळसा बंद, सोलर चालू' एवढं म्हणून भागत नाही. या मार्गाने जाणारा बराचसा कोळसा दिवे लावायला नसतोच, तो पोलाद बनवायला लागणारा कोकिंग कोळसा. सौर पट्टी त्याची जागा घेत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या बघा. क्युपोला भट्टी कोकवर चालते. बऱ्याच जणांनी विजेची इंडक्शन भट्टी घेतली, तर तिच्या विजेतही रायचूर-बळ्ळारीच्या वीजकेंद्रांतला कोळसा आहेच. शिवाय 1 जानेवारी 2026 पासून युरोपने बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादावर कार्बनचा कर लागू केला आहे. आमच्या पश्चिम भागातली पोरं सकाळी मोटारसायकलवरून उद्यमबागेत आणि मच्छेत जातात. भट्टी बंद करा म्हणणाऱ्याने एकदा सात वाजता त्या रस्त्याला उभं राहावं.

आणि सौर म्हणजे आपोआप न्याय, हेही खोटं. कर्नाटकातच तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला सुमारे 13,000 एकरांवर सौर उद्यान झालं. शेतकऱ्याला एकरी वर्षाला 21,000 रुपये भाडं ठरलं. कोरडवाहू जमिनीला ते वाईट नव्हे. पण ज्याच्या नावे एकही गुंठा नव्हता, जो त्याच शेतांत भांगलायला जात होता, त्याला भाडं कोण देणार? त्याची मजुरी तेवढी गेली.

म्हणून माझं मंडन एका शब्दापुरतं आहे. दुबईच्या ठरावात 'दूर जाणे' याच्या शेजारी 'न्याय्य' हा शब्द बसवलेला आहे, आणि बेलेमने बाकी काही केलं नसलं तरी न्याय्य संक्रमणासाठी यंत्रणा उभारायचं ठरवलं. दिल्ली तो शब्द बाहेर वापरते. आपण तो आत वापरायचा. लोंढ्याच्या वाघिणी झाकल्या पाहिजेत, हे त्या शब्दात बसतं. भट्टी बदलण्याआधी उद्यमबागेतल्या पोराला नवी भट्टी शिकवणं त्यात बसतं. उद्या आमच्या गायरानावर सौर पट्ट्या आल्या तर भाड्यात भूमिहीनाचा वाटा, हेही बसतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी रताळ्याचं पोतं शिवता शिवता ऐकून घेतलं. मग दाभण थांबवून म्हणाले, "मग घाल की ग्रामसभेत ठराव."

म्हटलं, घालतो. पण पंचायतीचं दप्तर कन्नडमध्ये.

"तू मराठीत लिही," काका म्हणाले. "लिहून घेईनात तर ते आनि एक भांडान."