पडद्यामागचा मदतनीस

१९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिस कंपनीचे मोठे प्रशिक्षण केंद्र म्हैसूरला आहे. इंजिनिअर झालेली आपल्याकडची कितीतरी मुले-मुली पहिल्या नोकरीचे काही महिने तिथे काढतात. त्यांच्यापैकी एखाद्याने फोनवर ‘आज वर्कर लिहिला’ असे सांगितले, तर आईने घाबरून जाऊ नये. मुलगा कारखान्यात लागलेला नाही!

इंटरनेटची पाने आपण ब्राऊझरमध्ये पाहतो. ती पाने ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेवर चालतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. तिची एक अडचण होती. एका पानाला माणूस एकच! म्हैसूरच्या डोशाच्या हॉटेलात एकच जण ऑर्डर घेतो, पाणी देतो आणि डोसेही घालतो, असे समजा. तो तव्यापाशी अडकला की गिऱ्हाईक ताटकळणारच. मोठा हिशेब निघाला की पानही तसेच गोठते. कितीही बटणे दाबा, हालत नाही.

२००९ साली फायरफॉक्ससारख्या ब्राऊझरांत ‘वेब वर्कर’ आला, म्हणजे भटारखान्यात वेगळा आचारी मिळाला. त्याने टेबलापाशी यायचे नाही. खिडकीतून चिठ्ठी घ्यायची आणि खिडकीतूनच डोसा द्यायचा. पानावरच्या अक्षरांना, चित्रांना तो हात लावू शकत नाही. त्यामुळे दोघांची एकाच ताटावर ओढाताण होत नाही.

पुढे ‘सर्व्हिस वर्कर’ आला. तो सामान आधीच कोठीत भरून ठेवतो, म्हणून नेट गेले तरी पान उघडू शकते. बंगळूरच्या फ्लिपकार्टने २०१५ साली याच्याच आधाराने ‘फ्लिपकार्ट लाइट’ काढले.

मात्र न दिसणारा मदतनीस परक्याचीही चाकरी करू शकतो. २०१७ साली ‘कॉइनहाइव्ह’ नावाच्या प्रोग्रॅमने हेच झाले. अनेक संकेतस्थळांनी वाचकांना न विचारताच त्यांच्या संगणकाला आभासी नाणी कमावण्याच्या कामाला जुंपले. कमाई त्यांची, विजेचे बिल वाचकाचे! २०१९ साली ते बंद पडले, तरी सावध असावे. एखादे पान उघडताच संगणक तापू लागला, पंखा घरघरू लागला, तर ते पान बंद करा. ‘सूचना पाठवू का?’ असे अनोळखी पानाने विचारले, तर सरळ नकार द्या. होकार दिलात, तर पान मिटल्यावरही सर्व्हिस वर्कर जागा होऊन जाहिराती दाखवू शकतो.

घरात मदतनीस ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. इथेही तेवढी करावी.