फूलबागेतून : साहेबाच्या हातातली करवत

जर्मनीहून परत आल्यापासून फूलबागेत सकाळी फिरायला येणारी तरुण मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, "काका, पोर्शे चालवलीत का?" नाही चालवली. आत बसलोसुद्धा नाही. पण ती तयार होताना पाहिली, आणि सांगण्यासारखं त्यातच जास्त आहे. म्हणून या महिन्याचं सदर त्यावर.

आमचा भाचा स्टुटगार्टला नोकरी करतो. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि मराठी घरंही तिथे आता बरीच आहेत. शहराच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेन नावाचा भाग आहे. पोर्शेचं संग्रहालय तिथलंच आणि कारखानाही तिथेच. कारखाना बघायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं, पायात बंद बूट लागतात आणि आत फोटो काढता येत नाहीत. ही शेवटची अट भाच्याला जाचली. मला उलट बरं वाटलं. हातात फोन नसला की माणूस डोळ्यांनी बघतो.

आत शिरताना माझ्या डोक्यात यंत्रमानवांचं चित्र होतं. सांगाडा जोडायच्या विभागात ते आहेतच. पण जिथे गाडी 'गाडी' होते, त्या जुळणीच्या लाईनवर माणसंच माणसं दिसली. आणि लाईनवर एकामागोमाग येणाऱ्या दोन गाड्या एकसारख्या नव्हत्या. एक लाल, पुढची पांढरी, तिच्यामागची उघड्या टपाची. मध्येच एखादी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, म्हणजे इंग्लंडला नाहीतर आपल्यासारख्या देशात जाणारी. बहुतेक गाड्या गिऱ्हाइकाने आपल्या आवडीनिवडीसकट आधीच मागवलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक गाडीबरोबर तिचे तिचे सुटे भाग घेतलेली गाडी चालते, लग्नघरातल्या रुखवतासारखी. कामगाराने भाग शोधत फिरायचं नाही. जे लागणार ते हाताशी, आणि तेवढंच.

लग्नाचं नाव उगाच काढलं नाही. वरून रंगवलेला सांगाडा येतो, खालून इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचे आस एकत्र वर उचलले जातात आणि दोन्ही जोडले जातात. या टप्प्याला जर्मन मोटार कारखान्यांत 'होखत्साइट' म्हणतात, म्हणजे चक्क 'लग्न'! भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, अक्षता राहिल्या." मला तरी अंतरपाट धरल्यासारखंच वाटत होतं.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते चामड्याच्या विभागात. तिथे माणसं अख्खं कातडं पसरून त्यावरचा ओरखडा, डाग शोधतात आणि तेवढा भाग टाळून कापतात. शिवणकाम करणाऱ्यांचे हात बघून मला बाड्यावरचे जुने शिंपी आठवले. ताशी तीनशे किलोमीटरच्या गप्पा मारणाऱ्या गाडीत शेवटी माणसाचं बोट आणि नजर लागते, हे बघून बरं वाटलं.

पण हा कारखाना आज उभा आहे तो केवळ कारागिरीमुळे नव्हे. कारागिरी तर तिथे पहिल्यापासून होती. पोर्शेच्या नावाची पहिली गाडी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी, एका लाकूड कापायच्या गिरणीच्या आवारात तयार झाली. १९५० पासून काम स्टुटगार्टला सुरू झालं, १९६३ मध्ये '९११' जगासमोर आली. नाव झालं, पैसा झाला. १९८६ च्या सुमाराला वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास गाड्या विकल्या जात होत्या. पुढच्या सहा-सात वर्षांत तो आकडा चौदा हजारांच्या आसपास येऊन ठेपला. कंपनी तोट्यात गेली. आज ना उद्या कुणीतरी मोठी कंपनी हिला गिळणार, असं लोक बोलू लागले.

ते साल होतं १९९२. ग्वाल्हेरकरांना हे साल वेगळं सांगावं लागत नाही. १९२१ साली बिर्लांनी सुरू केलेली जे. सी. मिल, म्हणजे जियाजीराव कॉटन मिल, त्याच वर्षी बंद पडली. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या. बिर्लानगर आणि हजीऱ्याकडून जाताना अजूनही त्या काळाची आठवण निघते. कापडाची मिल आणि स्पोर्ट्स कारचा कारखाना यांची तुलना सरळ होत नाही, हे मला समजतं. मिल का बंद पडली याची उत्तरं दहा मिळतील. पण बुडायला आलेला कारखाना वाचतो तेव्हा आत नेमकं काय घडतं, हे आपल्या गावाने जरूर ऐकावं.

वेंडेलिन वीडेकिंग नावाचा इंजिनिअर १९९१ मध्ये पोर्शेचा उत्पादनप्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीची सूत्रं त्याच्याकडे आली. वय चाळिशीचं. त्याने आपल्या अधिकाऱ्यांना जपानला नेऊन तिथले कारखाने दाखवले आणि टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार स्टुटगार्टला बोलावले. जर्मन इंजिनिअरांना गाड्या कशा बनवायच्या हे जपान्यांनी शिकवायचं, हे किती झोंबलं असेल याची कल्पना करा.

इंजिनं जोडायच्या विभागात तेव्हा अडीच मीटर उंचीची लोखंडी कपाटं होती, सुट्या भागांनी ठासून भरलेली. मालाचा साठा अठ्ठावीस दिवसांचा. कामगाराचा बराच वेळ शिडी चढण्यात आणि भाग शोधण्यात जायचा. हा कारखाना नाही, हे तर गोदाम आहे, असं पाहुण्यांचं म्हणणं पडलं. मग नाकाओ नावाच्या सल्लागाराने गोल पात्याची विजेची करवत थेट वीडेकिंगच्या हातात दिली. सगळ्यांसमोर त्या साहेबाने स्वतः एकेक कपाट १.३ मीटर उंचीवर कापलं. वरची जागाच गेली, त्यामुळे जादा माल ठेवायची सोयही गेली. आणि आजवर जो कामगार कपाटाआड दडलेला होता, तो पलीकडच्याला दिसू लागला.

करवतीची गोष्ट ऐकायला मजेदार आहे, पण खरं काम त्यानंतरचं. दोष दिसला तर पुढे ढकलायचा नाही, तिथल्या तिथे सांगायचा. काम कसं सुधारेल हे लाईनवरच्या माणसाला विचारायचं. गाडी जोडायला पूर्वी १२० तास लागत, ते काही वर्षांत ७२ वर आले. १९९६ मध्ये 'बॉक्स्टर' आली आणि कंपनी सावरली. हे फुकट झालं नाही. त्या वर्षांत नोकऱ्याही कमी झाल्या, वरच्या हुद्द्यांच्या पायऱ्याही. पण कारखाना वाचला, आणि आज तिथे पहिल्या नोकरीची सुरुवात करणारी विशी-बाविशीची मुलं दिसतात. त्यांतली बरीचशी पदवीधर नसतात. 'आउसबिल्डुंग' म्हणजे तीन-साडेतीन वर्षं शाळा आणि कारखाना असं दोन्हीकडे शिकून, शिकताना विद्यावेतन घेऊन ती कामाला लागतात. हाताने काम करणं ही पडती बाजू आहे असं तिथे त्यांना कुणी सांगत नाही. आपल्याकडे आयटीआयचं नाव काढलं की आईबापांचा चेहरा उतरतो, तो आठवून पाहावा.

आपल्या मंडळातली बरीच मुलं इथून शिकून पुण्याला, बेंगळुरूला जातात, काही त्याही पुढे. काही इथेच राहून बामोर नाहीतर मालनपूरला नोकरी करतात, कुणी स्वतःचं वर्कशॉप टाकतं. त्या सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. मुलाखतीत पगार, सुट्ट्या जरूर विचारा, पण एक प्रश्न आणखी विचारा: "काम करणाऱ्या माणसाला चूक दिसली तर इथे तो काय करू शकतो?" समोरचा थोडा जरी गडबडला, तरी तुम्हाला कळायचं ते कळेल.

आणि जे स्वतः मालक आहेत, त्यांनी उद्या सकाळी आपल्या दुकानात, वर्कशॉपमध्ये किंवा ऑफिसात उभं राहून बघावं: असं कोणतं कपाट आहे, ज्याच्यामागे आपली माणसं आपल्याला दिसत नाहीत? करवत बाजारात मिळते. फक्त ती नोकराच्या हातात न देता आपण धरायची.