सारवण आणि सारवासारव

मराठीने एकाच धातूपासून दोन शब्द घडवले आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर ठेवले. सारवण म्हणजे उखडलेली भुई शेणमातीने पुन्हा नीट करणे. सारवासारव म्हणजे जे उखडले आहे ते दिसू नये अशी बोलण्यातून केलेली तजवीज. 'नूतनीकरण झालेल्या' क्रूझ-जहाजांतील आलिशान सुइटविषयी आपल्या मराठी पुरवण्यांतून जे लेखन अधूनमधून छापून येते, ते वाचताना हा भेद आम्हांला वारंवार आठवतो. त्या लेखनाला समीक्षा म्हणवत नाही आणि वार्तांकनही म्हणवत नाही. ती सारवासारव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सकारण मांडावे म्हणून हा प्रपंच.

डहाणू-तलासरीसारख्या भागात मराठी शिकवणाऱ्या मास्तरांना जहाजावरच्या सुइटशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. एक, ज्या भाषेत ही सारवासारव चालते ती आमच्या अध्यापनाचा विषय आहे. दोन, समुद्रावरच्या निवाऱ्याचा प्रश्न आमच्या भागात घरोघरचा आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

प्रथम भाषेकडे पाहू. 'सुइट' हा शब्द फ्रेंच. मागोमाग येणारे ते 'सुइट': मग ती एकीतून दुसरीत उघडणाऱ्या दालनांची रांग असो, नाहीतर राजामागून चालणारा लवाजमा असो. आपल्या वृत्तपत्रांत तो कित्येकदा 'स्वीट' असा छापला जातो, आणि त्या लेखांतील गोडवा पाहता ही चूक अगदीच अनाठायी म्हणता येत नाही! जहाजावरील 'मिनी' किंवा 'ज्युनिअर' सुइट म्हणजे बहुधा एकच खोली. पलंगापलीकडे एक सोफा, फार तर मध्ये एक पडदा. दालनांची रांग गेली, नाव तेवढे उरले. लवाजमा मात्र आहे. त्याच्याविषयी पुढे बोलू.

आता 'नूतनीकरण' या शब्दाची झडती घेऊ. प्रवासी जहाज ठरावीक काळाने सुक्या गोदीत घ्यावेच लागते. तळाची तपासणी, रंगकाम, यंत्रांची दुरुस्ती ही कामे तेथे होतात आणि त्याच मुदतीत खोल्यांचेही रूप पालटले जाते. गालिचे, गाद्या, पडदे, दिवे, न्हाणीघरातील फरशा आणि नळ, उशाशी भ्रमणध्वनीसाठी विजेची जोडणी, भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच, एवढे सामान्यतः बदलते. न बदलणाऱ्या गोष्टींची यादी याहून महत्त्वाची आहे. छताची उंची आणि खोल्यांची पोलादी चौकट सहसा बदलत नाही. सुइटच्या डोक्यावर नाचघर आहे की पोहण्याचा तलाव, हे बदलत नाही. यंत्रघराची थरथर जिथवर पोचते तिथवर पोचतच राहते. भिंतीआडचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ बदलले की नाहीत, हे जाहिरातीत कधीच नसते. सुइटचा खरा अनुभव मात्र पुष्कळदा त्यांच्यावरच ठरतो.

उदाहरणादाखल मुंबईला परिचित झालेली दोन जहाजे घेऊ. दोन्ही १९९०मधील. पहिले इटलीत बांधलेले 'क्राउन प्रिन्सेस'. ते पुढे 'आरोझा ब्लू', 'आयडाब्लू', 'ओशन व्हिलेज टू', 'पॅसिफिक ज्वेल' अशी नावे घेत २०१९मध्ये 'कर्णिका' होऊन मुंबईत आले. तीस वर्षांत सहा नावे! करोनाच्या साथीत धंदा बसला आणि २०२०च्या नोव्हेंबरात ते अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी चढवले गेले. दुसरे फ्रान्समध्ये सेंट-नाझेर येथे बांधलेले 'नॉर्डिक एम्प्रेस'. तेही 'एम्प्रेस ऑफ द सीज' आणि 'एम्प्रेस' अशी नावे आलटूनपालटून घेत राहिले आणि सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझेसच्या वतीने मुंबईहून फिरू लागले. जुने जहाज वापरणे हा गुन्हा नव्हे. नीट राखलेले जुने जहाज उत्तमच असते. कोकणातला माणूस जुन्या घराचे मोल जाणतो. आमचा आक्षेप वयाला नाही, वय लपवण्याला आहे. सुइटच्या गालिच्याचा रंग सांगणाऱ्या लेखाने जहाजाचे जन्मवर्ष सांगू नये, हे विसरभोळेपणाने घडते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

आमच्या किनाऱ्याच्या वायव्येस, खंबातच्या आखातापलीकडे हे अलंग आहे. तेथे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतून उतरवलेल्या पलंगांची, कपाटांची, आरशांची, कपबश्यांची दुकाने लागतात. नूतनीकृत सुइटची अखेर काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ती पाहावीत. कधीकाळी ज्या सोफ्याचे 'राजेशाही' म्हणून वर्णन झाले असेल, तो तेथे घासाघीस करून विकत मिळतो.

आता लवाजम्याकडे वळू. सुइटमध्ये ताजी चादर घालणारा, मध्यरात्री चहा आणणारा, न्हाणीघर पुसणारा माणूस रात्री निजतो कोठे? सर्वसाधारणपणे खालच्या मजल्यांवर, पुष्कळदा पाण्याच्या पातळीखाली, जेथे खिडकी नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६च्या सागरी श्रम कराराने प्रवासी जहाजांवरील अधिकारी नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी किमान माप ठरवून दिले आहे. दोघांच्या खोलीला साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट; चौघांच्या खोलीला साडेचौदा चौरस मीटर. माप तुटपुंजे आहे, पण निदान आहे. खरी मेख पुढेच आहे. करार २०१३मध्ये अमलात आला. भारताने त्यास २०१५मध्ये मान्यता दिली. आणि बांधणीविषयीच्या त्याच्या अटी, करार संबंधित देशाला लागू झाल्यानंतर बांधलेल्या जहाजांपुरत्याच आहेत. १९९०च्या जहाजाला जुन्या करारांचीच मापे पुरतात. म्हणजे पाहुण्याची खोली आजच्या फॅशनने नवी होते आणि त्याची चादर घालणाऱ्याची खोली कायद्याने जुनी राहू शकते. यास नूतनीकरण म्हणायचे असेल तर ते अर्ध्या जहाजाचेच म्हणावे लागेल.

आणि येथेच आमच्या तालुक्यांचा संबंध येतो. पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून आदिवासी तरुण पोरबंदर, वेरावळ, ओखा या बंदरांकडे खलाशी म्हणून जातात. तांडेल गावात येतो, उचल देतो, माणसे जमवतो. मेअखेरीपर्यंत ती माणसे ट्रॉलरवर. निवारा म्हणजे एक लाकडी केबिन, नाहीतर उघडी फळी, जाळ्यांचा ढीग आणि बर्फाची पेटी. बहुतेक नौकांवर शौचालयसुद्धा नसते. आणि वर उल्लेखिलेल्या सागरी श्रम करारातून मासेमारी नौका मुळातच वगळलेल्या आहेत. तेथे साडेसात चौरस मीटरचाही आधार नाही. नौका सागरी सीमेपलीकडे गेली, किंवा गेली असे समोरच्यांनी ठरवले, की हीच माणसे पाकिस्तानच्या तुरुंगात. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैदेतील माणसांच्या याद्या देतात-घेतात. मुंबईच्या पुरवण्यांत त्या याद्या कोपऱ्यातही दिसत नाहीत. आमच्याकडील कित्येक घरांत मात्र त्या दोन तारखांची वाट पाहिली जाते.

उचल हा शब्द वाचकांनी नीट ऐकावा. याच भागात लग्नापुरते कर्ज घेऊन जन्मभर सावकाराच्या घरी राबणारा 'लग्नगडी' होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगारी करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास लिहून ठेवला आहे. आजची उचल म्हणजे तेव्हाची वेठ नव्हे, हे आम्ही जाणतो. आजचा खलाशी परत येऊ शकतो, दुसऱ्या वर्षी नकारही देऊ शकतो. तरीही मजुरी हाती पडण्याआधी ती फिटलेली असणे ही रीत नवा रंग देऊन तीच राहिली आहे काय, हा प्रश्न विचारावाच लागतो.

यावर ठरलेला प्रतिवाद आम्हांस ठाऊक आहे. 'तुम्हांला कोणाचे सुख बघवत नाही. निवृत्त जोडप्याने आयुष्यभराच्या पुंजीतून तीन रात्री समुद्र पाहिला तर तुमचे काय गेले?' काहीच गेले नाही. त्यांनी अवश्य जावे. किंबहुना हा लेख त्यांच्याच बाजूचा आहे, कारण पुंजी त्यांची आहे आणि सारवासारवीने पहिली फसगत त्यांचीच होते. त्यांनी आरक्षण करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. जहाज कोणत्या वर्षीचे? शेवटची गोदी कधी झाली आणि नेमक्या कोणत्या मजल्यांच्या खोल्या नव्या झाल्या? आपल्या खोलीच्या वर, खाली आणि शेजारी काय आहे? दर्शवलेल्या क्षेत्रफळात सज्जा धरला आहे की वगळला आहे? याची लेखी उत्तरे मिळाली, तर अपेक्षाभंगाचे पुष्कळसे कारणच उरणार नाही. जमल्यास पाचवा प्रश्नही विचारावा: आमची खोली आवरणाऱ्याची खोली केव्हा नवी झाली? त्याचे उत्तर न मिळणे हेही एक उत्तरच असते.

हा प्रश्न केवळ जहाजांपुरता राहिलेला नाही, म्हणून आम्ही इतके लांबण लावले. डहाणू तालुका जून १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये स्थापन झालेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदलल्यानंतर, २०२३मध्ये बंदरास सशर्त संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. ते मालवाहू बंदर आहे, क्रूझचे नव्हे. परंतु त्याच्या समर्थनार्थ जी भाषा वापरली जाते, ती सुइटच्या लेखांतून आम्हांस तोंडपाठ झालेली आहे: कायापालट, जागतिक दर्जा, नवे रूप. किनाऱ्याचे नूतनीकरण होणार असेल, तर त्या नव्या जहाजावर येथील मच्छीमाराची, खलाशाची, डायमेकरची आणि वाडीत राबणाऱ्या मजुराची जागा कोणत्या मजल्यावर, हे आधी सांगितले पाहिजे. सुंदर रेखाचित्रे दाखवणे म्हणजे ते सांगणे नव्हे.

प्रवासवर्णनाची मराठी परंपरा लहान नाही, आणि तिचा पाया डोळे उघडे ठेवून पाहण्यावर आहे. ज्या संपादकांना सुइटवर पानभर छापावयाचे असेल त्यांनी खुशाल छापावे. पण त्यात तीन आकडे असावेत. जहाज बांधल्याचे वर्ष, गालिच्याखालच्या कामाचा तपशील आणि तेथील सर्वांत लहान खोलीचे क्षेत्रफळ. ते येईपर्यंत अशी पाने आम्ही व्यावहारिक मराठीच्या तासाला वर्गात नेऊ आणि सारवण व सारवासारव यांतील फरक मुलांना त्यांवरूनच शिकवू. त्यांतील काहींचे वडील सध्या वेरावळला आहेत; फरक समजावयास त्यांना फार वेळ लागणार नाही.