कर्जाचा दावा कोणत्या कोर्टांत?

समन्स घेऊन बेलिफ दारीं आला म्हणजे आमचा शेतकरी बांधव घाबरतो आणि त्याची पाठ फिरतांच तो कागद आढ्याला खोंचून ठेवतो. पुढें एकतर्फी हुकूमनामा होतो, जप्ती येते, आणि मग नशिबाला बोल लावला जातो. यांत नशिबानें काय केलें, हें आम्हांस कोणी सांगेल काय?

१८७५ सालीं सुप्यास कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्याच्या मुळाशीं असलेच एकतर्फी निकाल होते. म्हणून १८७९ च्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यावरील दावा त्याच्या राहत्या ठिकाणच्या कोर्टांतच आणण्याचें बंधन घातलें. तो कायदा आज नाहीं. तेव्हां आजची रीत प्रत्येकानें समजून घ्यावी.

उसन्या पैशाचा दावा दिवाणी कोर्टांत चालतो. तालुक्याच्या गांवीं लहान रकमेचा कनिष्ठ स्तर न्यायाधीशापुढें, मोठ्या रकमेचा वरिष्ठ स्तरापुढें. ऋणको राहतो तेथें किंवा व्यवहार झाला तेथें तो आणतां येतो. सहकारी पतसंस्थेची थकबाकी निबंधकाच्या दाखल्यानेंही वसूल होते. बँकेचें २० लाख वा अधिक येणें ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जातें. चेक न वटल्यास फौजदारी खटला होऊं शकतो. एरवीं पोलीस चौकी हें वसुलीचें कोर्ट नव्हे.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणें बिनपरवाना सावकारास हुकूमनामा मिळत नाहीं. उसन्या पैशाच्या दाव्यास साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. परंतु मुदतींत लेखी कबुली दिली कीं ती नव्यानें सुरू होते. म्हणून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवूं नये. शेतकऱ्याचीं औतें, गरजेचीं गुरें, बियाणें आणि कारागिराचीं हत्यारें दिवाणी संहितेनें जप्तींतून वगळलीं आहेत.

पण हें कोर्टास सांगणारा हजर असेल तरच उपयोग! समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी. संक्षिप्त दाव्यांत तर १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. वकिलापुरता पैसा नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाचे लोक यांस तेथें फुकट वकील मिळतो.

कर्ज बुडवा, असें आम्ही सांगत नाहीं. घेतलें तें फेडावें. न घेतलेलें मात्र फेडूं नये. आढ्याचा कागद आजच खालीं काढा, घरांतल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्या, आणि तारखेस कोर्टांत उभे राहा.